क्यूसीकाका

कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस कुठल्या खात्यात होता, हे अंबडमध्ये विचारावं लागत नाही. मेंटेनन्सवाला असेल तर तो गल्लीतल्या सगळ्यांचे नळ दुरुस्त करतो आणि ते आठवड्यात पुन्हा गळायला लागतात. स्टोअर्सवाला वहीत सही घेतल्याशिवाय छत्रीसुद्धा उसनी देत नाही. टाइम ऑफिसवाल्याला शेजारचा मुलगा रात्री किती वाजता घरी आला ते मिनिटासकट माहीत असतं. युनियनवाल्याला सोसायटीच्या मीटिंगला माइक लागत नाही. पण या सगळ्यांत चिवट वाण म्हणजे क्वालिटीवाला. इतरांनी आयुष्यभर काही ना काही बनवलेलं असतं, निदान बनवणाऱ्याच्या हातात पाना तरी दिलेला असतो. यानं काहीच बनवलेलं नसतं. दुसऱ्यानं बनवलेलं नापास करणं, एवढंच त्यानं तिन्ही शिफ्टमध्ये मन लावून केलेलं असतं. मग एका महिनाअखेरीला कंपनी त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन गेटाबाहेर सोडते. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं, हे तो दुसऱ्याच दिवशी शोधून काढतो.

आमच्या गल्लीतला नमुना क्यूसीकाका या नावानं ओळखला जातो. खरं नाव रेशनकार्डावर असेल. काका पवननगरच्या बाजारात वांगी विकत घेत नाहीत, सँपल काढतात. तेही पाटीच्या वरच्या थरातून कधीच नाही, तळातून. दिवाळीत कुणी फराळाचं ताट दिलं तर चकलीचे वेढे मोजून होईपर्यंत तोंडात काही जात नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी काकूंना पोळीच्या व्यासात दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, असं सांगितलं. काकूंनी शांतपणे लाटणं त्यांच्यापुढे केलं. त्या दिवसापासून पोळी काकांच्या कार्यक्षेत्रातून वगळण्यात आली.

आता प्रश्न असा की ज्या माणसाचा दिवस काहीतरी नापास केल्याशिवाय मावळत नाही, त्यानं घरी बसून करायचं काय? काका वाळत चालले. शेवटी पुण्याच्या मुलानं त्यांना गच्चीवर लावायला कुंड्या आणून दिल्या. मुलाला वाटलं, बाबांचं मन रमेल. बाबांनी गच्चीचा प्लँट करून टाकला. प्रत्येक कुंडीला पत्र्याची पट्टी, तिच्यावर ठोकलेला नंबर: जा-०१, जा-०२ म्हणजे जास्वंदी, गु-०१ ते गु-०४ गुलाब, मि म्हणजे मिरची, क म्हणजे कढीपत्ता. ‘कण्हेर पण क-नंच सुरू होते,’ असं काकूंनी म्हटल्यावर सगळ्या पट्ट्या पुन्हा ठोकल्या गेल्या. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्या गुलशनातल्या एकाही गुलाबाला नंबर नसावा, याची काकांना मनापासून खंत होती.

बाग छान चालली होती, आणि हीच काकांची अडचण होती. एक तपासनीस आणि शून्य दोष, असा संसार किती दिवस टिकणार? पौषात ती अडचण सुटली. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला, मधेच दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं, आणि जा-०२ च्या कळ्यांच्या देठांवर हिरवट काहीतरी दिसलं. काकांनी ती एमआयडीसीची धूळ ठरवली. धूळ दुसऱ्या दिवशी सहा इंच वर सरकलेली होती.

त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंची तक्रार आली. त्यांची अ‍ॅक्टिव्हा गच्चीच्या कठड्याखाली उभी असे आणि रोज सकाळी तिची सीट चिकट. आधी त्यांना वाटलं पोरं चॉकलेट लावतात. मग वाटलं, काका वरून सरबत सांडतात. दुसरा माणूस असता तर भांडला असता. काकांचे डोळे लकाकले. ‘कस्टमर कम्प्लेंट!’ ते म्हणाले, आणि पेटी उघडून कंपनीच्या काळातलं दहापट भिंग बाहेर काढलं.

मावा ओळखायचा कसा, हे मी त्या गच्चीवर शिकलो आणि इतकं कुणालाच शिकायची गरज नसावी. काकांनी जास्वंदीचं पान उलटं केलं, कारण मावा पानाच्या पाठीवर, कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठावर बसतो. तोंडावर बसणारी कीड वेगळी. आकार पेअरच्या फळासारखा, लांबी एक ते तीन मिलिमीटर. (काकांनी व्हर्निअर लावून बघितला. व्हर्निअरच्या जबड्यात तो पहिला मावा शहीद झाला.) आणि मुख्य खूण म्हणजे पाठीमागे दोन बारीक नळ्या, मोटरसायकलच्या जोड-सायलेन्सरसारख्या. ‘या दोन नळ्या असल्या तर मावा. नसल्या तर आपलं खातं नाही,’ काका म्हणाले. कापसासारखा पांढरा पुंजका असेल तर तो पिठ्या ढेकूण. झाड हलवल्यावर पांढरी भुकटी उडाली आणि परत येऊन बसली तर पांढरी माशी. पानावर ओरखडे काढल्यासारखी चंदेरी झाक असेल तर फुलकिडे, ज्यांना आमचे कांदेवाले आणि द्राक्षवाले थ्रिप्स म्हणून सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतात. काकांनी चारही किडींचा तक्ता केला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्याच्या टाकीला चिकटवला आणि खाली सही केली.

मग गुलाब तपासले, तर गु-०३ च्या कळीवर तेच, पण जरा थोराड. कण्हेरीवर पिवळाजर्द मावा, काळ्या पायांचा. तो रुईवरही असतो, कण्हेरीचं विषारी दूध त्याला बाधत नाही. उलट तेच विष अंगात मुरवून तो स्वतः कडवट होऊन बसतो. काकूंनी कुंडीत लावलेल्या चवळीवर काळा कुळकुळीत. काका प्रत्येक रंगापुढे असे उभे राहत होते की जणू चार वेगवेगळ्या सप्लायर्सनी एकाच दिवशी खराब माल पाठवलाय आणि आता खरी मजा आहे.

अ‍ॅक्टिव्हाचा उलगडाही झाला. मावा झाडाच्या रसवाहिनीत सुई खुपसून बसतो. त्या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त सत्त्व थोडं, म्हणून पुरेसं सत्त्व मिळवायला त्याला ढीगभर रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर मागच्या बाजूनं टाकून द्यावी लागते. तोच चिकटा. ज्वारीवर पडला की शेतकरी कपाळाला हात लावतात, जोशीबाईंच्या सीटवर पडला की जोशीबाई काकांच्या दाराला. या चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते, पान काजळी धरल्यासारखं होतं आणि त्याला ऊन मिळेनासं होतं. शिवाय मावा सुईवाटे एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला टोचतो. पपईवरचा रिंगस्पॉट असाच पसरतो. काकांनी हे सगळं जोशीबाईंना आकृती काढून समजावलं. जोशीबाई म्हणाल्या, ‘ते सगळं ठीक आहे, पण सीट पुसणार कोण?’ क्वालिटीच्या माणसाला आयुष्यात न सुटलेला प्रश्न हाच असतो. दोष शोधणारा एक, निस्तरणारा दुसरा. सीट काकूंनी पुसली.

त्या रात्री काकांना झोप लागली नाही. मुलानं फोनवर काहीतरी वाचायला पाठवलं होतं आणि त्यातून त्यांना कळलं की माव्याच्या कारभारात नर नावाचं खातंच जवळजवळ नाही. थंड देशांत हिवाळ्याआधी नर निघतात, अंडी घातली जातात. आपल्याकडच्या उबदार हवेत बहुतेक मावा बारा महिने फक्त माद्यांचा. मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं टाकते, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिल्लांची जुळवाजुळव आधीच सुरू झालेली असते. म्हणजे आजी, आई आणि नात एकाच कातडीत. पिल्लू आठ-दहा दिवसांत वयात येतं. ‘कच्चा माल नाही, सेटिंग नाही, ट्रायल नाही,’ काका मला सकाळी गेटावरच धरून म्हणाले, ‘डायरेक्ट प्रॉडक्शन!’ त्यांच्या आवाजात भीती होती, पण तिच्याखाली थोडा मत्सरही होता. एका मादीला पन्नास पिल्लं धरली आणि एकही मेलं नाही असं मानलं, तर पाचव्या पिढीला एकतीस कोटी पंचवीस लाख. दीड महिन्यात! जा-०२ वर एवढी जागा नाही हे त्यांना मान्य होतं. पण गर्दी झाली की माव्याच्या पुढच्या पिल्लांना पंख फुटतात आणि ती शेजारच्या गच्चीवर जातात, हेही त्यांनी वाचलं होतं. आमची गच्ची शेजारची होती.

या वाचनात त्यांना एक मित्रही सापडला. जिनिव्हाचा शार्ल बॉने. १७४० साली, वयाच्या विशीत, त्यानं माव्याचं एक नवजात पिल्लू काचेच्या भांड्याखाली एकटं वाढवलं, कुणाची सावली पडू दिली नाही, आणि दिवसचे दिवस भिंग लावून नोंदी केल्या. त्या एकटीनं पंचाण्णव पिल्लं दिली. प्रत्येकाच्या जन्माची नोंद. काका गहिवरले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी, इतक्या लांब, आपल्यासारखं कुणीतरी होतं! त्यांनी काकूंना ती हकिकत वाचून दाखवली. पुढे त्याची दृष्टी इतकी अधू झाली की भिंग ठेवून द्यावं लागलं, हेही त्याच पानावर होतं. ‘बघा,’ काकू एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

आता उपाय. साध्या माणसाला मावा दिसला की तो पाण्याचा फवारा मारतो. काकू तेच म्हणत होत्या. बागेच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबायचं, पानाच्या पाठीवर जोरात पाणी मारायचं, चार दिवसांनी पुन्हा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. त्याची सुई मोडते, अंग नाजूक असतं. दोन कळ्या फारच भरल्या असतील तर त्या खुडून टाकायच्या. पण यात ना फॉर्म आहे, ना मीटिंग. काकांनी मीटिंग बोलावली. हजर: काका, मी, टाइम ऑफिसवाले (तेच वेळेवर आले), आणि चहा घेऊन आल्यामुळे काकू.

काकांनी फळ्यावर इशिकावाचा माशाचा सांगाडा काढला आणि पाच वेळा ‘का’ विचारला. मावा का आला? कोवळी फूट भरमसाट आली म्हणून. फूट भरमसाट का? नत्र जास्त झालं. नत्र जास्त का? युरिया पडला. युरिया का पडला? फुलं मोठी यावीत म्हणून. कुणी टाकला? इथे फळ्यावरचा खडू थांबला. मोठ्या फुलांची स्पर्धा काकांनीच जाहीर केली होती आणि दर रविवारी ते चमचा घेऊन गच्चीवर फिरत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. टाइम ऑफिसवाल्यांनी वेळही सांगितली: सकाळी सात चाळीस. फळ्यावर शेवटी ‘ऑपरेटर एरर’ असं मोघम लिहिलं गेलं. कंपनीतही असंच लिहीत, आणि ऑपरेटर कोण ते शोधायला कुणी कधी गेलं नाही.

युरिया मात्र बंद झाला, हे त्या मीटिंगचं पुण्य. कुंडीतल्या झाडाला शेणखत, गांडूळखत, थोडी कुजवलेली पेंड पुरते. युरियानं पोसलेला लुसलुशीत शेंडा म्हणजे माव्याला पंगतीचं आवतण.

पहिल्या फवारणीला काकांनी साबणाचं पाणी घेतलं. कल्पना बरोबर होती, साबणानं माव्याच्या अंगावरचा मेणाचा थर जातो आणि त्याचा श्वास कोंडतो. पण घरातला साधा साबण घेण्याऐवजी त्यांनी धुण्याची पावडर घेतली, ‘हाय स्ट्रेंग्थ’ म्हणून, आणि फवारलं दुपारी बारा वाजता, कारण उजेडात दोष नीट दिसतात. दुसऱ्या दिवशी मावा मेला होता. मि-०१ आणि मि-०२ सुद्धा. मिरचीची पानं कडेनं भाजून कागद झाली होती. काकांनी दोन्ही कुंड्यांना लाल फीत बांधली. फवारणी संध्याकाळी करायची, आधी एका पानावर करून दिवसभर थांबायचं, हे नियम त्या लाल फितीखाली लिहिले गेले.

मग निंबोळी अर्क. कृषी खात्याचं प्रमाण ठरलेलं आहे: पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून, थोडा साबण घालून शंभर लिटर करायचं. हा पाच टक्के अर्क. काकांना दोनच लिटर हवा होता, म्हणून त्यांनी त्रैराशिक मांडलं: निंबोळ्या शंभर ग्रॅम, साबण चार ग्रॅम. चार ग्रॅम साबण तोलायला ते सोनाराकडे जाऊन आले. माळ्यावर त्यांनी उन्हाळ्याअखेर गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्यांची पिशवी होती, तेवढं ठीक. भरड मात्र त्यांनी काकूंच्या मिक्सरमध्ये काढली. चटणीच्या भांड्यात.

पुढचे तीन दिवस त्या घरात जे झालं त्याचा इतिवृत्तांत उपलब्ध नाही. खोबऱ्याची चटणी कडू झाली, पाहुण्यांनी ती ‘कारल्याची का?’ म्हणून विचारली, आणि काकांनी उत्तरादाखल मिक्सरच्या पात्याची स्वच्छता-चाचणी सुचवली, एवढं भिंतीपलीकडून ऐकू आलं. चौथ्या दिवशी काका सातपूर-अंबड लिंक रोडवरच्या भंगाराच्या एका दुकानातून जुनं मिक्सरचं भांडं घेऊन आले. येताना काही पत्रेही आणले. पत्रे पिवळे रंगवून त्यांना ग्रीस फासलं आणि दोरीला टांगलं, कारण पंखवाला मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो. पहिल्या संध्याकाळी पत्र्यांना अकरा मावे, तीन चिलटं आणि काकूंची वाळत घातलेली साडी चिकटली. काकांनी तिन्हींची नोंद घेतली. साडी ‘इतर’ या रकान्यात.

शेतीऔषधांच्या दुकानदारानं मधेच एक जालीम पुडीही पुढे केली होती, झाडाच्या अंगात भिनणारी. काकांनी तिच्यावरचा रंगीत त्रिकोण बघितला (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा), बॅच नंबर बघितला, मुदत बघितली, सगळी बारीक अक्षरं उभ्यानं वाचली आणि पुडी परत केली. रांगेत मागे उभे असलेले द्राक्षवाले तोवर अर्धे निघून गेले होते. पण काकांचा निर्णय मी लाखात एक म्हणेन. कढीपत्ता रोज फोडणीत जातो आणि तुळशीच्या मंजिरीवर मधमाश्या असतात. असल्या घरगुती गच्चीवर अंगात भिनणारं विष कशाला?

अर्कानं मावा घटला, पण संपेना. काकांनी खुर्ची टाकून पाळत ठेवली तेव्हा मुंग्या दिसल्या. मुंग्यांना चिकटा गोड लागतो, म्हणून त्या माव्याला जपतात, त्याला खाणारे किडे आले की हुसकून लावतात. ‘सिक्युरिटी ठेवलीय लेकांनी!’ काका ओरडले. मुंग्यांचा रस्ता तोडायला त्यांनी प्रत्येक कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी केली. आठवड्यानं महापालिकेची डासांच्या अळ्या तपासणारी बाई आली. काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. इतक्या महिन्यांनी दुसरा इन्स्पेक्टर! त्यांनी तिला खुर्ची दिली, सँपल कसं काढता, नोंद कुठे करता, असं विचारत राहिले. तिनं हसून उत्तरं दिली, सगळ्या ताटल्या उपड्या केल्या आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहून गेली. ती तारीख काकांनी अजून पुसू दिलेली नाही. ताटल्यांच्या जागी आता कुंडीच्या कडेला ग्रीसचा पट्टा आहे.

आणि मग निफाडहून काकूंचे भाऊ आले. द्राक्षाचा बागायतदार, चार एकर. ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून औषध मारणारा माणूस. गच्चीवर चढून त्यांनी नंबर ठोकलेल्या कुंड्या, पिवळे पत्रे, लाल फिती, टाकीवरचा तक्ता हे सगळं बघितलं आणि कठड्यावर बसून पोट धरून हसले.

‘दाजी, हे काय मांडलंय हो? एवढ्यासाठी एवढं?’

‘एवढं कसं? फ्रान्सचे द्राक्षमळे माव्याच्या चुलतभावानंच झोपवले होते. फायलोक्सेरा! १८६० नंतर. शेवटी अमेरिकन मुळांवर कलमं बांधावी लागली.’

‘आम्ही पण डॉगरिजवर बांधतो.’

‘कशासाठी?’

‘आमच्याकडं खारं पाणी अन् दुष्काळ म्हणून. तुमचा चुलतभाऊ गेला उडत.’ मग त्यांनी सहज कुंडी फिरवली आणि त्यांचं हसू थांबलं. कुंडीमागे काकांनी एक काचेची बरणी ठेवली होती, तिच्यात काळ्या-पिवळ्या, खरबरीत पाठीच्या, सहा पायांच्या अळ्या. ‘अन् हे काय?’

‘नवीन कीड. मगरीसारखी दिसते. काल जा-०२ वर सापडली, सगळा लॉट जप्त केला.’

‘दाजी,’ शालक हळू आवाजात म्हणाले, ‘ही ढालकिड्याची पिल्लं. लेडीबर्ड. हीच तर मावा खातात.’

गच्चीवर शांतता पसरली. टाइम ऑफिसवाल्यांनीसुद्धा घड्याळ बघितलं नाही. तीस वर्षांत काकांनी चांगला माल नापास केल्याचं हे पहिलं उदाहरण, आणि ते सासरच्या माणसानं पकडलं होतं.

शालकांनी मग दाजींची लाज राखायला दुसरी गोष्ट काढली. त्यांच्या व्याह्यांचा सांगलीकडे ऊस. २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानं खालून कापूस पिंजून टाकल्यासारखी पांढरी आणि वरून काजळीनं काळी. दाट उसात पंप घेऊन शिरायचं कुणी, आणि शिरलं तरी पानाच्या पाठीपर्यंत औषध पोचायचं कसं? शेवटी आवरला तो मित्रकिडींनी. कोनोबाथ्राच्या अळ्या, मायक्रोमस. ज्याच्या रानात ते दिसत त्याच्याकडून लोक अळ्या असलेली पानं मागून नेत आणि आपल्या उसात लावत. ‘तवा लोक अळ्या मागायला गावोगाव फिरायचे,’ शालक म्हणाले, ‘अन् तुम्ही बरणीत कोंडल्यात.’

काकांनी बरणी उघडली. एकेक अळी चित्रकलेच्या ब्रशानं उचलून पुन्हा जा-०२ वर ठेवली, आणि नंतर भिंग घेऊन दोन तास तिथेच बसले. अळीनं एक मावा धरला, चोखला, टरफल टाकलं. दुसरा. तिसरा. काकांच्या ओठांची हालचाल चालली होती, ते मोजत होते. संध्याकाळपर्यंत टाकीवरच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लागला, ‘मान्यताप्राप्त कर्मचारी’. लेडीबर्डचा प्रौढ किडा, लाल-पिवळा, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा. तिची पिवळी, उभी, एकमेकींना चिकटून बसलेली अंडी. क्रायसोपाची अंडी, प्रत्येक केसाएवढ्या देठावर. सिरफिड माशीची बिनपायांची अळी. आणि फुगून तपकिरी, कडक झालेला मावा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू आहे, ते भोक पाडून बाहेर येणार. निंबोळी अर्क आता फक्त जिथे कर्मचारी नाहीत तिथेच, आणि ठरवून थोडा. चवळीची कुंडी मुद्दाम ठेवलेली, तिच्यावर काळा मावा थोडा राहू द्यायचा, म्हणजे स्टाफची उपासमार होत नाही. ‘कँटीन,’ काका म्हणाले. बडीशेप आणि कोथिंबीर फुलावर येऊ दिलेली, कारण सिरफिड माशीला आणि गांधीलमाशीला फुलातला मध लागतो. कोथिंबिरीला फुलं येऊ द्यायची हे काकूंना पटलं नव्हतं. पण चटणीचा विषय त्या घरात सध्या कुणी काढत नाही.

आता गच्चीवर मावा आहे, थोडा आहे, आणि काकांची तब्येत उत्तम आहे. नवीन झाड आलं की ते थेट आत येत नाही. जिन्याच्या कोपऱ्यात पंधरा दिवस वेगळं राहतं, पानांच्या पाठी तपासल्या जातात, मग नंबर मिळतो. आमच्या हिनं त्यांना मोगऱ्याचं कलम प्रेमानं दिलं, तेही त्या कोपऱ्यात राहिलं. ती रोज जिन्यातून जाताना त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकत असे.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून तुळशीची रोपं वाटायची ठरवली. चाळीस रोपं. बायका पाच वाजता जमल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, रोपं काही येईनात. काका जिन्यात बसून एकेक रोप उलटं करून भिंगातून बघत होते आणि पास झालेल्याला हिरवा ठिपका लावत होते. सव्वासहाला सोळावं रोप बाहेर आलं. काकूंनी आत जाऊन काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण उरलेली चोवीस एकदम आली, ठिपक्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोशीबाई रोप हातात लांब धरून जिना चढून आल्या. ‘काका, कुठलं काय तपासता तुम्ही? हे बघा, मगरीसारखी अळी! माझ्या तुळशीवर!’

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग ब्रश आणायला आत वळता वळता म्हणाले, ‘झाड तुम्ही घेऊन जा. हा आमचा माणूस आहे, काल गडबडीत गेटपासशिवाय बाहेर गेला.’